आबांनी सांगायचा सोडलेला किस्सा

आबा शिर्क्यांवर स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्यायचं काम व्यायामशाळेच्या कमिटीने माझ्याकडे दिलं. मी सेक्रेटरी, त्यामुळे असली कामं न विचारताच माझ्याकडे येतात. नोकरी, मल्लखांबाची सेवा, सत्कार, फोटो शोधणे, अशी टिपणं काढून मी बसले होते, तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला.

"नीलाबेन, तो केतकीच्या पडण्याचा किस्सा जरूर घ्या हं. आबांचा एकदम लाडका. लोकांना मजा येईल."

दोन पानं मी वेळेत दिली. त्यात तो किस्सा नाही. आबांनी स्वतःच तो सांगायचा सोडला होता. का सोडला, हे माहीत असलेली माणसं तीन. त्यांतले आबा गेले आणि केतकी बोलणार नाही. म्हणून हे वेगळं लिहून ठेवते आहे.

आबा बडोद्यात गोरव्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. कारखाना सुटला की सायकलने थेट फतेगंजला आमच्या व्यायामशाळेत. खांद्याला शबनम, शबनममध्ये पांढरी हाफ चड्डी आणि एरंडेलाची बाटली. हे तेल खांबाला लावायचं, म्हणजे पकड बसते. आबांच्या अंगालाही त्याचा वास कायमचा लागलेला होता. रिक्षात शेजारी बसले तर घरी जाऊन साडी धुवावी लागे.

त्यांच्या तीन भाषा होत्या आणि तिघींची कामं वाटून दिलेली होती. मोजायचं हिंदीत, शाबासकी गुजरातीत, शिव्या मराठीत. "एक, दो, तीन, पकडके रख... वाह रे मारा दीकरा!" आणि लगेच, "पाय सरळ कर गाढवा, चिमटा आहेस का?" वर्गात निम्मी मुलं गुजराती. एकदा एका गुजराती आईने तक्रार केली की माझ्या मुलाला मराठीत काय बोलता ते कळत नाही. आबा म्हणाले, "बेन, त्याला बराबर कळतं. मी बोललो की त्याचा पाय सरळ होतो."

चुकलेल्या मुलाला ते दुसऱ्या मुलाची पाठ थोपटायला लावत. हरलेल्या मुलाला रविवारी सेवउसळ खायला घालत, जिंकलेल्याला नाही. "जिंकलेल्याचं पोट भरलेलंच असतं," म्हणत.

पण आबांचा खरा अभिमान मल्लखांबाचा नव्हता. तो हातांचा होता. कुणाची मान धरली, कुणाची कंबर लचकली, कुणाचा घोटा मुरगळला की माणूस आबांकडे येई. माझ्या ऑफिसातल्या शेगडीवर ते तिळाचं तेल गरम करत. पावतीपुस्तकावर डाग पडत, मी ओरडत असे, ते म्हणत, "सेक्रेटरीबाई, तुमच्या पावत्यांना पण जरा मालीश." मग तो माणूस पालथा, आबांचा अंगठा त्याच्या पाठीवरून खाली सरकत सरकत जाई आणि एका जागी थांबे. "इथे. बरोबर?" तिथेच असायचं. खरंच असायचं. माझा स्वतःचा खांदा त्यांनी दोनदा मोकळा करून दिला आहे, तेव्हा नाही कशी म्हणू?

डॉक्टरांबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. "डॉक्टर आधी फोटो काढणार, मग फोटोला औषध देणार. माणूस राहिला बाजूला." फोटो म्हणजे एक्स-रे.

आता तो किस्सा. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजन होतं, नवीन मुलांचे आईवडील येतात. आबा दरवर्षी माईक न घेता उभे राहत आणि केतकी दळवीला पुढे बसवत.

"ही बघा. सहावीत होती. स्पर्धा तोंडावर. दोरीवर, पार वर. आणि पायाची पकड सुटली. धप्प! गादी राहिली बाजूला, ही बसली फरशीवर. तोंडातून आवाज नाही. हिची आई घ्यायला आलेली, ती रडायला लागली, म्हणे दवाखान्यात न्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही घरी जा नि कुकर लावा. पालथी घातली, तेल लावलं, पट्टा आवळला. आठवड्याने पोरगी परत दोरीवर. आणि पदक कुणाला? ऊभी था, बेटा!"

केतकी उभी राहून नमस्कार करी. टाळ्या. नवीन आया आपल्या मुलांकडे बघत. त्या दिवशी आमच्याकडे नेहमीपेक्षा जास्त नावं नोंदली जात, हे सेक्रेटरी म्हणून मला माहीत आहे.

केतकीचे वडील नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. आई दुपारच्या शाळेत शिक्षिका. संध्याकाळी घरी कुणी नसे म्हणून पोरीला आमच्याकडे सोडलेलं. ती आबांच्या हाताखालीच वाढली. आबांना मूलबाळ नव्हतं. बायको लवकर गेलेली. ते केतकीला "केतू" म्हणत आणि इतर मुलांपेक्षा तिलाच जास्त शिव्या देत.

विश्वामित्रीला मोठा पूर आला त्या वर्षी केतकी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. व्यायामशाळेतली मोठी मुलं आबांबरोबर पाण्याची पाकिटं वाटायला गेली होती. नदीकाठच्या एका सोसायटीवर हेलिकॉप्टर आलं. त्यातून दोरीवरून एक जवान उतरला आणि गच्चीवरच्या एका म्हातारीला कमरेला बांधून वर घेऊन गेला. आबा खुशीत ओरडले, "त्याची पकड बघा! पाय बघा पाय!" सगळी मुलं दोरीवरच्या माणसाकडे बघत होती.

केतकी वर बघत होती. परत येताना तिने आबांना विचारलं, "आबा, तो खाली लोंबकळत असताना वरचा माणूस एवढं मोठं यंत्र हलू कसं देत नाही?"

"ते मला काय विचारतेस? मी सायकलवाला."

"मला ते करायचंय."

आबा थांबले. सायकल स्टँडवर लावली. "दोरीवर उतरायचं?"

"नाही. वरचं."

त्या दिवसापासून ते तिचं ठरलं. आबांचंही.

कॉलेजात तिने फिजिक्स घेतलं. शेवटच्या वर्षाला हवाई दलाच्या परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा दोघं माझ्याकडे आली, कारण कागदपत्रं माझ्याकडे आली की हरवत नाहीत. पायांची लांबी मापात बसावी लागते असं कळल्यावर आबांनी फोरमनकीच्या काळातली स्टीलची टेप आणली आणि तिला भिंतीला टेकून बसवून तीनदा मापलं. "बसते! मापात बसते! जॉब पास!" असं म्हणून त्यांनी माझ्याच टेबलावर थाप मारली.

पुढे जुन्या दुखापतींचा रकाना होता. केतकी माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, ते पडलेलं लिहायचं?"

आबा हसले. "दुखापत म्हणजे डॉक्टरने सांगितलेली. तुला कुठल्या डॉक्टरने पाहिलंय? लिही, नाही."

खोटं बोलतोय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. आमच्याकडे पडण्याला दुखापत म्हणत नाहीत. पडणं हा शिकण्याचाच भाग.

लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग देहराडूनची पाच दिवसांची मुलाखत. तिथे चारचौघांत बोलता यायला हवं असं कळल्यावर आबांनी तयारी घेतली. रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर केतकीने सगळ्या मुलांसमोर उभं राहायचं आणि आबांनी दिलेल्या विषयावर बोलायचं. विषय असे: बादली, फतेगंजची ट्रॅफिक, आबांची सायकल का विकू नये. बारकी मुलं मध्येच प्रश्न विचारत. "दीदी, हेलिकॉप्टरमध्ये संडास असतो का?" केतकी हसू दाबून इंग्रजीत उत्तर देई आणि आबा गुजरातीत शाबासकी देत, इंग्रजी कळत नसूनही.

तिथे एक यंत्रावरची चाचणी असते. काठी, पॅडल, पडद्यावर हलणारे ठिपके. त्यावरून वैमानिक होण्याचा कल आहे की नाही ते ठरतं. ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात तर पुन्हा नाही. केतकी त्याला फार घाबरली होती. आबा म्हणाले, "एकदाच असते तेच चांगलं. दुसरी संधी असली की माणूस पहिलीत झोपतो." तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "मावशी, झाले पास! चाचणीत पास, मुलाखतीतही पास! आता फक्त मेडिकल. आबांना द्या ना." आबांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि मला परत दिला. मग जाऊन खांबाला तेल लावू लागले. आधीच लावलेल्या खांबाला.

मेडिकलला जायच्या आदल्या रविवारी आम्ही तिचा छोटा सत्कार केला. आबा अर्थातच उभे राहिले. "ही बघा. सहावीत होती..." पट्ट्यापर्यंत येईतो लोक त्यांच्याबरोबर म्हणायला लागले होते. शेवटी मात्र त्यांनी नवीन वाक्य जोडलं. "मी जर तेव्हा हिला दवाखान्यात पाठवली असती, तर आज ही घरी भाकऱ्या थापत असती." टाळ्या फार झाल्या. केतकीची आईही हसली.

दिल्लीला मेडिकलमध्ये तिच्या पाठीचा एक्स-रे काढला. वैमानिकांचा काढतातच. कमरेच्या वरचा एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला निघाला. रोजच्या जगण्यात काही त्रास नाही. ती पळेल, चढेल, म्हातारी होईल. पण हेलिकॉप्टरच्या खुर्चीत वर्षानुवर्षं जे हादरे बसतात ते असल्या पाठीला चालत नाहीत. उड्डाणासाठी कायमची अपात्र. जमिनीवरच्या कामांसाठी पात्र.

ती परत आली ती सरळ व्यायामशाळेत. आबा पायऱ्यांवर बसले होते. तिने बॅग ठेवली आणि म्हणाली, "नाही झालं, आबा. मणक्यात काहीतरी आहे. जन्मजात आहे म्हणाले."

"जन्मजात?"

"हो. कुणाकुणाच्यात असतं म्हणे. कळत पण नाही."

आबांनी तिच्याकडे बघितलं. "तुझ्या आईच्या घराण्यात होतं का कुणाला?"

"असेल. काय माहीत."

"बरं," आबा म्हणाले. "जन्मजात असेल तर आपला काय इलाज."

अपील करता येतं, मुदत थोडी असते. मी वाट बघत बसणारी नाही. गावातल्या एका मोठ्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, नवीन फोटो काढून घेतला. जन्मजात आहे आणि त्रास काही नाही, असा त्यांचा दाखला मिळाला तर उपयोगी पडेल, असा माझा हिशोब. आबा म्हणाले, "मीही येतो." केतकी म्हणाली, "कशाला आबा, गर्मीत?" ते आलेच. धुतलेला शर्ट घालून.

डॉक्टर गुजराती, वयस्कर, प्रेमळ माणूस. त्यांनी फोटो उजेडावर लावला, चष्मा वर केला. "जन्मजात? ना ना. आ तो जूनुं फ्रॅक्चर छे." मग आम्ही मराठी म्हणून हिंदीत आले. "पुराना है, बचपन का. हड्डी दबके जुड़ गई है. बेटा, छोटी थी तब कहीं से गिरी थी? बैठने के बल?"

"नाही सर," केतकी म्हणाली. लगेच म्हणाली. "मैं कभी नहीं गिरी."

"याद करो. ऐसा अपने आप नहीं होता. दर्द तो बहुत हुआ होगा. उस वक्त किसी ने दिखाया होता, आराम दिया होता, तो शायद इतना न दबता."

"नहीं सर. कभी नहीं."

मी आबांकडे बघितलं नाही. बघवलं नाही. शेजारच्या खुर्चीतून एरंडेलाचा वास येत होता. जो किस्सा या माणसाने वर्षानुवर्षं भरल्या सभेत सांगितला, तो घडलाच नाही असं ती पोरगी त्यांच्या देखत, त्यांच्यासाठी, सांगत होती. ते "हो, पडली होती" म्हणू शकले असते. तसं म्हटलं असतं तर तिचं खोटं वाया गेलं असतं. मला वाटतं, तिचं ते खोटं त्यांनी तिथे बसल्या बसल्या घेतलं, एखाद्याने दिलेली जड वस्तू नाही म्हणता येत नाही म्हणून घ्यावी तसं.

बाहेर आल्यावर केतकी म्हणाली, "चला, उसाचा रस पिऊ." आम्ही प्यालो. आबांनी अर्धा ग्लास ठेवला.

अपीलात काही वेगळं निघालं नाही.

त्यानंतरचे आबा मी रोज बघत होते. लंगडणारी, वाकडी झालेली माणसं सवयीने येत राहिली. आबा म्हणत, "हात गेला माझा. दवाखान्यात जा." शेगडीवरचं तेल बंद झालं. माझी पावतीपुस्तकं स्वच्छ राहू लागली. मला ते आवडायला हवं होतं.

मुलांच्या बाबतीत तर त्यांनी हद्दच केली. कुणी घसरलं, नुसतं कोपर खरचटलं, तरी रिक्षा बोलवायची आणि फोटो काढून आणायचा. एका बापाने वैतागून मला सांगितलं, "बेन, छोकऱ्याला मुंगी चावली तरी तुमचे आबा एक्स-रे काढवतात!" मी आबांना म्हटलं, जरा जास्त होतंय. ते म्हणाले, "होऊ दे." फोटो आला की ते तो उजेडावर धरून बघत बसत. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. डॉक्टरने चांगलं आहे म्हटलं तरी पुन्हा बघत.

दसरा आला. नवीन आईवडील आले. आबा उभे राहिले, म्हणाले, "गादी नीट घातलेली आहे का ते रोज बघायचं," आणि बसले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आबा, केतकीचा!" केतकी तिथेच होती, प्रसादाची ताटं भरत. ती हसून म्हणाली, "अहो, किती वेळा तेच? आता म्हातारी झाले मी." लोक हसले. मी पुढचा कार्यक्रम सुरू केला.

ते दोघं एकमेकांशी पहिल्यासारखेच बोलत. जास्तच चांगलं बोलत, आणि तेच ऐकवत नसे. आबांनी तिला शिवी देणं बंद केलं होतं. ती त्यांना डब्यात शिरा आणून द्यायची आणि जन्मजात दोष असलेल्या कुठल्या कुठल्या खेळाडूंच्या गोष्टी सांगायची. ते मान डोलवायचे. "हो का? त्याला पण जन्मजात?"

एकदा मी केतकीला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस हे चालवणार? ती म्हणाली, "मावशी, माझं जे गेलं ते गेलं. त्यांचं तरी राहू दे."

पण त्यांचं काही राहिलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि तिला दिसू नये म्हणून आबा किती मेहनत घेतात तेही.

पुढे तिने जमिनीवरच्या कामाची शाखा घेतली. तिची रुजू व्हायची वेळ आली तेव्हा आम्ही तिला सोडायला बडोदा स्टेशनवर गेलो. आईवडील, मी आणि आबा. सामान मोजून चढवलं, पाण्याची बाटली, डबा, कागदांची फाइल, सगळं मी पुन्हा एकदा बघितलं. केतकीने आईवडिलांना नमस्कार केला. वडील आत जागेवर बॅग साखळीने बांधायला गेले, आई त्यांच्या मागे. ती आबांच्या पाया पडायला वाकली आणि सरळ झाली. तिला सरळ होताना आबा बघत होते.

"केतू," ते म्हणाले. "तेव्हा दुखत होतं?"

मी बाजूला व्हायला हवं होतं. पण गर्दी होती.

तेव्हा म्हणजे कधी, असं तिने विचारलं नाही. जन्मजात, असंही म्हणाली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने काही सांभाळलं नाही.

"हो," ती म्हणाली. "खूप. रात्री कुशीवर वळता यायचं नाही."

"मग सांगितलं का नाहीस, पोरी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही विचारलंच नाही, आबा."

शिटी झाली. वडील खाली उतरले, मागोमाग आई. केतकी चढली आणि दारात उभी राहिली.

त्यानंतर आबा पुष्कळ दिवस होते. व्यायामशाळेत येत, मुलांना वाहवा म्हणत, रिक्षा बोलवत. शेवटी झोपेतच गेले. पण माझ्या मनात ते शेवटचे दिसतात ते त्या प्लॅटफॉर्मवर. गाडी हलली, केतकी "आवजो, आबा! आवजो!" म्हणून ओरडत होती, हात हलवत होती, आणि आबा, दोन्ही हात बाजूला सोडून, ऐकू न आल्यासारखे तिच्याकडे नुसते बघत उभे होते. हात करायला ते विसरले. दोघांच्या वतीने मी केला, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत.